‘घरीच असते की’: हनुवटीवरच्या केसांसाठी लेझर, आणि चौथ्या सिटिंगला पडलेले सात डाग

हे प्रकरण सांगलीतल्या आमच्या त्वचारोग दवाखान्यातलं. रुग्ण मुलीच्या परवानगीनं लिहिलंय. ती ओळखू येऊ नये म्हणून वय, गाव आणि काही बारीकसारीक गोष्टी बदलल्यात. चूक जिथं झाली तिथं ती तशीच ठेवली आहे, कारण तेवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं.

पार्श्वभूमी

तिला शुभा म्हणू. वय 24, वाळवा तालुक्यातलं गाव, बी.कॉम. झालेली. गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात आईबरोबर आली. स्टोल हनुवटीवरून घेऊन कानामागं खोचलेला. खोलीत येऊन बसली तरी तिनं तो सोडला नाही. बोलायला सुरुवात आईनंच केली, “मॅडम, वैशाखात लग्न काढायचं म्हणत्यात पाहुणे. त्याच्या आत हे एकदाचं जाईल नव्हं?”

‘हे’ म्हणजे हनुवटी, जबड्याची कड आणि दोन्ही कल्ल्यांखालचे जाड, काळे केस. सतराव्या वर्षी चार-दोन दिसायला लागले, विसाव्या वर्षापासून दर आठ दिवसांनी पार्लरला जाऊन दोरा. एवढी वर्षं ओढून ओढून हनुवटीवर बारीक खड्डे पडले होते, काही केस आतल्या आत वळून गाठी झाल्या होत्या आणि सगळ्या भागावर राखाडी-काळी छटा चढली होती. मुलीच्या मनाला खरा त्रास त्या छटेचा होता. “केस काढले तरी दाढी केल्यासारखंच दिसतं,” हे तिचं त्या दिवसातलं पहिलं पूर्ण वाक्य.

पाळी पंचेचाळीस ते साठ दिवसांनी. तीन वर्षांत बारा किलो वजन वाढलेलं. मानेच्या मागची कातडी जाडसर, मखमलीसारखी काळी. एवढं दिसल्यावर लेझरचा विषय बाजूला ठेवून रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी लिहून दिली, मिरजेला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. लोक ज्याला पीसीओडी म्हणतात, म्हणजे संप्रेरकांच्या बिघाडानं पाळी लांबणं आणि नको तिथं केस वाढणं, तेच निघालं. पुरुषी संप्रेरकं थोडी जास्त, बाकी काळजीचं काही नाही.

केसपेपर भरताना नेहमीचे प्रश्न विचारले. मुरमांसाठी गोळ्या घेतल्यास का, तोंडावर नागीण उठते का, जखमेचा व्रण फुगतो का, कुठलं क्रीम लावतेस. शेवटी विचारलं, “करतेस काय?”

“घरीच असते की.”

मी लिहिलं, ‘घरी. उन्हाशी संबंध कमी.’ या एका ओळीकडे पुन्हा यावं लागणार आहे.

अडचण काय होती

पहिली अडचण हिशेबाची. केस एकाच वेळी सगळे वाढत नसतात. काही वाढीच्या टप्प्यात, काही गळण्याच्या, काही नुसते विसाव्याला. लेझरचा मार नीट बसतो तो वाढीच्या टप्प्यातल्या केसावर, कारण तेव्हाच मुळाशी रंगद्रव्य भरपूर असतं. म्हणून चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं सहा ते आठ सिटिंग लागतात, आणि पीसीओडी असेल तर त्यानंतरही अधूनमधून एखादी. वैशाखापर्यंत हाती साडेसात महिने होते. म्हणजे जेमतेम सहा, आणि एकही चुकली तर पाच.

दुसरी अडचण शब्दाची. आईला ‘कायमचं’ हवं होतं. अमेरिकेचं औषध प्रशासनसुद्धा या यंत्रांना केस कायमचे ‘कमी करण्याचीच’ परवानगी देतं, कायमचे काढून टाकण्याची नाही. जोवर आतून संप्रेरकांचा रेटा आहे तोवर झोपलेली मुळं जागी होत राहणार. हे मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली. पण ज्याच्या डोळ्यापुढे लग्नाची तारीख आहे तो माणूस मान डोलावतो तेव्हा त्यानं ऐकलेलं असतंच असं नाही.

तिसरी अडचण तिच्या वर्णाची. कातडीचे प्रकार पाडायची फिट्झपॅट्रिक यांची पद्धत 1975 ची. ऊन लागल्यावर कातडी भाजते किती आणि काळवंडते किती यावर ती बेतलेली. सुरुवातीला ती गोऱ्या लोकांसाठीच होती, सावळ्या आणि काळ्या वर्णाचे प्रकार नंतर जोडले गेले. शुभा त्यात पाचव्या प्रकारात बसत होती. आपल्या भागातले पुष्कळ लोक चौथ्या-पाचव्यातच येतात.

वर्णाचा प्रश्न का येतो, ते थोडक्यात. 1983 साली अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी जे तत्त्व मांडलं त्यावर ही सगळी यंत्रं चालतात. एका ठराविक तरंगलांबीचा उजेड कातडीतली एकच गोष्ट शोषून घेते, आणि तो पुरेसा कमी वेळ दिला तर उष्णता तिथंच कोंडून तेवढीच गोष्ट जळते. केस काढताना ती गोष्ट म्हणजे केसातलं मेलॅनिन. पण तेच मेलॅनिन वरच्या कातडीतही आहे. सावळ्या माणसाच्या कातडीत ते जास्त, म्हणजे केसासाठी सोडलेला उजेड वाटेतच अडतो आणि वरची कातडी भाजते. सगळी कला केस शिजवायचा पण कातडी गार ठेवायची, एवढ्यातच आहे.

पर्याय

दोरा चालू ठेवणं हा एक पर्याय होताच. खड्डे आणि छटा वाढत गेली असती इतकंच.

सुईनं एकेका केसाच्या मुळाशी वीज सोडायची जुनी पद्धत आहे, इलेक्ट्रोलिसिस. पांढऱ्या केसावर लेझर चालत नाही, तिथं तीच कामाची. पण इतक्या दाट भागाला महिनोन्‌महिने लागले असते आणि हात बसलेला माणूस जवळपास नव्हता.

गोळ्यांचा पर्याय सगळ्यात महत्त्वाचा होता, आणि तोच आम्ही सगळ्यात लवकर सोडला. पाळी नियमित करणारी, संप्रेरकांचा रेटा कमी करणारी गोळी म्हणजे गर्भनिरोधक गोळीच. केसांवर फरक दिसायला सहा महिने लागतात, म्हणजे सप्टेंबरला सुरू केली असती तर लग्नापर्यंत लेझरला मोठा हातभार लागला असता. आईनं पाकिटावरचं नाव वाचलं. “लग्नाआधी ही गोळी? उद्या कुणाला पर्समध्ये घावली तर काय सांगायचं?” पुरुषी संप्रेरकांचा परिणाम अडवणारं दुसरं औषध स्पायरोनोलॅक्टोन. ते गरोदरपणात चालत नाही, पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. लग्नानंतर लगेच पाळण्याची घाई होणार हे आई आत्ताच गृहीत धरून बोलत होती, त्यामुळे तेही बाजूला पडलं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी मेटफॉर्मिन, म्हणजे एरवी मधुमेहाला देतात ती गोळी, आणि रोजचं चालणं सांगितलं. मेटफॉर्मिननं केस फारसे कमी होत नाहीत.

या सगळ्या बोलण्यात शुभाला काय वाटतं हे मी विचारलं नाही. ती चोवीस वर्षांची होती. आईला पाच मिनिटं बाहेर बसा म्हणायला हवं होतं.

उरला लेझर. त्यातही निवड होतीच. तालुक्याच्या गावात एका पार्लरमध्ये ‘लेझर’च्या सहा सिटिंगचं स्वस्तातलं पॅकेज होतं आणि आईनं त्याचा कागद आणला होता. कागदावरचं यंत्र आयपीएल होतं. आयपीएल म्हणजे लेझर नव्हे, तो फ्लॅशच्या दिव्यासारखा अनेक तरंगलांब्यांचा मिश्र उजेड. जाणत्या हातात, फिल्टर लावून तो चालतो, पण पाचव्या प्रकारच्या कातडीवर त्यात चुकायला जागा जास्त. खऱ्या लेझरमध्ये ॲलेक्झांड्राइट 755 नॅनोमीटर, डायोड 810 च्या आसपास आणि लाँग पल्स एनडी-याग 1064. तरंगलांबी वाढते तसा उजेड खोल जातो आणि मेलॅनिन त्याला कमी धरतं. म्हणून सावळ्या वर्णाला 1064 सगळ्यात सुरक्षित, मात्र दुखतंही तेच जास्त आणि बारीक केसांवर त्याचा जोर कमी पडतो. आमच्याकडे डायोड आणि एनडी-याग दोन्ही आहेत. सुरुवात एनडी-यागनं करायची ठरली.

आणखी एक धोका सांगून ठेवला. काही मुलींना, विशेषतः पीसीओडी असणाऱ्या आपल्याकडच्या मुलींना, लेझर केलेल्या भागाच्या कडेला उलट नवीन लव उगवते. तसं दिसलं तर थांबायचं.

टेस्ट पॅच, म्हणजे आधी छोट्या जागेवर लेझर मारून कातडी सोसते का ते बघणं, हनुवटीच्या खाली, गळ्याच्या बाजूला दिला. पुस्तकाप्रमाणे झाकली जाईल अशी जागा. दोन आठवडे वाट पाहिली, डाग नाही. संमतीपत्र भरलं.

पहिल्या तीन सिटिंग

पहिला वाद ब्लेडवरून. लेझरच्या आधी चार आठवडे दोरा, वॅक्स, चिमटा सगळं बंद, कारण ते केस मुळासकट उपटतात आणि मग आत उजेड धरायला काही उरतच नाही. केस वाढले तर फक्त कापायचे. “पोरीच्या तोंडाला ब्लेड लावायचं? राठ होतील की अजून!” हे आईचं. ब्लेड कातडीच्या वर चालतं, मुळाला त्याचा पत्ता नसतो. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं एवढंच. हे मी बहुधा आठवड्यातून दोनदा तरी समजावत असते. शेवटी घरी नको, दवाखान्यातच ट्रिमर लावू, यावर तडजोड झाली. नोव्हेंबरात साखरपुडा होता, तेव्हा मात्र शुभानं आदल्या रात्री न्हाणीघरात आतून कडी लावून स्वतः ब्लेड फिरवलं. पुढच्या वेळी तिनं ते मला सांगितलं आणि पहिल्यांदा हसली.

सिटिंग कशी होते तेही सांगते. चेहरा धुऊन पुसायचा, क्रीम-पावडरीचा कणही राहू द्यायचा नाही. डोळ्यांवर धातूच्या वाट्या. भुवईच्या हाडाखाली आम्ही कधीच लेझर मारत नाही, पापणी पातळ असते आणि उजेड बुबुळापर्यंत जातो. खोलीतल्या प्रत्येकाला त्या-त्या तरंगलांबीचा चष्मा. पांढऱ्या पेन्सिलीनं भागाच्या चौकटी आखायच्या, म्हणजे एका जागी दोनदा मार बसत नाही. गार जेल. यंत्राच्या तोंडाशी नीलमण्याची गार काच असते, ती आधी कातडीला टेकवायची, मग बटण. रुग्णाला रबर ताणून सोडल्यासारखा चटका बसतो, जळक्या केसाचा वास येतो. दोन-चार मिनिटांत केसाच्या बुडाशी बारीक दाणे उठतात, थंडीनं शहारा आल्यावर उठतात तसे. ते दिसले की मार बरोबर बसला. पांढरट किंवा राखाडी झाक दिसली की चुकला. पुढच्या आठ-दहा दिवसांत जळालेले केस वाढल्यासारखे वर येतात आणि गळून पडतात. त्या दिवसांत “मॅडम, केस वाढलेच की” असा फोन ठरलेला.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या दोन सिटिंग एनडी-यागवर सुरळीत झाल्या. डिसेंबरअखेर तिसरीला हनुवटीचे जाड केस निम्म्यावर आले होते, जबड्याकडेचे बारीक झाले होते. बारीक केसांना एनडी-याग पुरा पडत नाही म्हणून जबड्यासाठी डायोडवर आलो, लांब पल्स, म्हणजे उजेडाचा झोत जरा जास्त वेळ, ठेवून 14 ज्यूल ऊर्जा. (हा आकडा आमच्या यंत्राचा आणि त्या दिवशीच्या त्या मुलीच्या कातडीचा. दुसऱ्या यंत्राला तो उपयोगी नाही.) काही त्रास झाला नाही. केसपेपरवर लिहिलं, ‘डायोड 14, छान सोसलं. पुढे हेच.’

‘पुढे हेच’ लिहायला नको होतं.

चौथी सिटिंग

फेब्रुवारीचा मधला शनिवार. लग्नाला ऐंशी दिवस. शनिवारी आमच्याकडे तासगाव, पलूस, जतपर्यंतचे लोक येतात आणि बाहेर चपलांचा ढीग असतो. मी तपासणीच्या खोलीत अडकले होते. दारातूनच शुभाला “कशी आहेस?” विचारलं आणि सहकारी डॉक्टरांना म्हटलं, मागच्यासारखंच करा. त्यांनी केसपेपर पाहिला, 14 लावले, उजव्या जबड्यापासून सुरुवात केली.

तिसऱ्या शॉटला ती म्हणाली, “मॅडम, आज भाजतंय हो.”

सहकाऱ्यांनी विचार केला तो असा: पाळी जवळ आली की दुखणं जास्त जाणवतं, मागच्या वेळी हाच आकडा चालला होता, मुलगी घाबरली असेल. त्यांनी दोन ज्यूल कमी केले, “थोडं सोसा” म्हणाल्या आणि आणखी चार मारले. सातव्यानंतर जेल पुसलं आणि मला हाक मारली.

कानाच्या पाळीखालून हनुवटीकडे जाणारे सात चौकोन होते, यंत्राच्या तोंडाच्या मापाचे. कडा राखाडी. मधल्या फटींतली कातडी तेवढी जशीच्या तशी, त्यामुळे तो ठसा मारल्यासारखा दिसत होता. गार पाण्याच्या घड्या सुरू केल्या आणि तिला उठवून खिडकीपाशी आणलं. एलईडीखाली जे दिसलं नव्हतं ते उजेडात दिसलं. कपाळ आणि गाल हनुवटीखालच्या कातडीपेक्षा दोन छटांनी गडद होते. मी तिच्या बांगड्या वर सरकवल्या. मनगटावर स्पष्ट रेघ.

“उन्हात होतीस का गं?”

“उन्हात कुठं? घरीच होते. हळद वाळत घातलीय नव्हं खळ्यावर.”

सांगलीत राहून मला हे सुचू नये, याचं अजून वाईट वाटतं. जानेवारीपासून इथं हळदीची काढणी सुरू होते. हळकुंडं शिजवायची आणि खळ्यावर पसरून दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवायची. दिवसातून किती वेळा हलवायची, कोंब-माती निवडायची, संध्याकाळी ताडपत्री ओढायची. त्या वर्षी मजूर मिळाले नव्हते. शुभा नऊ दिवस सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत खळ्यावर होती. खळं घराच्या अंगणालाच लागून. म्हणजे ती घरीच होती, तिनं काही खोटं सांगितलं नव्हतं. सनस्क्रीनची ट्यूब संक्रांतीच्या आसपास संपली होती आणि नवी आणायला कुणाला सवड नव्हती.

काळवंडलेली कातडी म्हणजे वरच्या थरात जास्तीचं मेलॅनिन. डिसेंबरात जो 14 चा आकडा तिला सोसला तोच फेब्रुवारीत भाजून गेला. आणि गळ्याकडच्या टेस्ट पॅचला ऊन कधी दिसलंच नव्हतं.

त्यानंतर काय केलं

पहिला तासभर गार घड्या. बर्फ थेट लावला नाही, त्यानं भाजलेल्या कातडीला आणखी इजा होते. मग सौम्य स्टेरॉइड मलम, तेही मोजून चार दिवस, त्यावर साधी पेट्रोलियम जेली. फोड फोडायचा नाही, खपली ओढायची नाही. दुसऱ्या आणि पाचव्या दिवशी बोलावलं. फोटो काढून ठेवले.

दुसरा निर्णय अवघड होता. त्याच संध्याकाळी एका जुन्या वर्गमित्राला फोन केला. तो म्हणाला, “असं होतंच, संमतीपत्रात लिहिलंय ना? केसपेपरवर ‘चूक’ हा शब्द लिहू नकोस.” सल्ला व्यवहाराचा होता. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच ठरवलंय, आणि 2019 च्या नव्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. मी रात्रभर विचार केला. संमतीपत्रात ‘डाग पडू शकतो’ असं लिहिलेलं होतं हे खरं, पण ते सगळी काळजी घेऊनही पडला तर. इथं कातडी न बघता जुना आकडा लावला होता आणि रुग्ण भाजतंय म्हणत असताना हात थांबला नव्हता.

सोमवारी तिच्या वडिलांना बोलावलं आणि सांगितलं, ही आमची चूक आहे. केसपेपरवर तसं लिहिलं, त्याची प्रत दिली. चौथ्या सिटिंगचे पैसे परत केले, डाग जाईपर्यंत फी घेणार नाही म्हटलं, आणि तक्रार करायची असेल तर कुठं करता येते तेही सांगितलं. वडील बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तक्रार करून डाग जाणार हाय का? तुम्ही डाग घालवा.” सहकारी डॉक्टर शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी शुभाची माफी मागितली. तिनं “तुमचं काय हो मॅडम, मीच सांगायला पायजे होतं,” म्हटलं. ते ऐकून मला जास्तच लाजल्यासारखं झालं.

नवव्या दिवशी खपल्या पडल्या. खाली गुलाबी कातडी, आणि पुढच्या दोन आठवड्यांत ती गडद तपकिरी झाली. कातडीचा दाह शमताना मागं राहणारा हा रंग. सावळ्या वर्णात तो हमखास येतो. कालांतरानं जातो, पण ‘कालांतर’ म्हणजे तीन महिने ते वर्ष, आणि हाती सत्तरच दिवस होते.

इथं पुन्हा पर्याय समोर आले, निम्मे घरातून. मावशीनं मेडिकलमधून एक गोरेपणाचं मलम आणलं होतं. ट्यूब हातात घेऊन पाहिली, त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड. 2018 पासून अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, तरी ती मिळतात. डॉक्टरच्या देखरेखीत, थोडे आठवडे, ते औषध म्हणून मीही वापरते. पण महिनोन्‌महिने चोपडलं की चेहरा लाल, पातळ आणि केसाळ होतो, आणि हिला केसांचंच दुखणं. आत्याचं म्हणणं वेगळं, “लेझरनं झालंय ते लेझरनंच काढा की.” रंग फोडणारा क्यू-स्विच्ड लेझर असतो, गोंदण काढायला तोच वापरतात. पण नुकत्या भाजलेल्या सावळ्या कातडीवर तो मारला तर डागाचा डाग वाढतो, नाहीतर शेजारी पांढरे ठिपके उठतात. नाही म्हटलं. पीलही, म्हणजे ॲसिड लावून कातडीचा वरचा थर सोलणं, नको म्हटलं.

डाग हळूहळू फिके करणारं ॲझेलेइक ॲसिडचं क्रीम दिलं. सनस्क्रीन बदलून रंगीत, लोहाचे ऑक्साइड असलेलं दिलं, कारण नुसत्या अतिनील किरणांनीच नव्हे तर साध्या दिसणाऱ्या उजेडानंही आपल्याकडची कातडी काळवंडते. मार्चअखेर सुधारणा संथ वाटली तेव्हा मावशीच्या ट्यूबमधल्या त्याच तीन औषधांचं तिहेरी मलम रात्री फक्त डागांवर, कापसाच्या काडीनं, मोजून तीन आठवडे दिलं आणि ट्यूब परत मागून घेतली. लेझर लग्न होईपर्यंत बंद. केसांसाठी पुन्हा ट्रिमर.

हळदीच्या राशीवर ती परत गेली नाही. वडिलांनी दोन बायका रोजानं लावल्या. त्या रोजाचे पैसे आमच्या चुकीच्या हिशेबात धरायला हवे होते, हे मला फार नंतर सुचलं.

निष्पत्ती

लग्नाच्या आठवड्यात सातपैकी चार डाग शोधावे लागत होते, तीन जवळून दिसत होते. मेकअप करणाऱ्या मुलीला दवाखान्यात बोलावून घेतलं. तपकिरी डागावर थेट गोरा कन्सिलर लावला की राख फासल्यासारखं दिसतं. आधी नारिंगी झाक असलेला करेक्टर, मग तिच्या रंगाचा कन्सिलर, असं दोघींनी बसून जमवलं.

खरी चिंता हळदीची होती. सवाष्णी वाटीभर हळद तोंडाला फासणार, वर गालाला गाल घासणार. चार दिवस आधी घरच्याच हळदीचा तेलात कालवलेला ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहिला, खाज आली नाही. तरी उजव्या जबड्याला हळद लावायची नाही असं ठरलं, कारण तिथल्या कातडीवर तीन आठवडे तिखट औषध चाललं होतं. बायकांना हे कोण सांगणार? आत्या. ती म्हणे वाटी हातात घेऊन शेजारीच उभी राहिली आणि प्रत्येकीचा हात डाव्या गालाकडे वळवत होती. फोटोत नवरीचा डावा गाल पिवळाधमक आणि उजवा नुसता ठिपकाभर, असं दिसतं.

ऑगस्टमध्ये ती नवऱ्याबरोबर आली. डाग एकच उरला होता, तोही फिका. हनुवटीचे केस पहिल्या फोटोशी ताडून पाहिले तर एक तृतीयांश राहिले होते. जबड्यावरचे मात्र बरेचसे परत आले होते. वर्षभर मूल नको असं दोघांनी ठरवलं होतं आणि स्त्रीरोगतज्ज्ञांनी गोळी सुरू केली होती, तीच, आदल्या वर्षी पर्समध्ये सापडायची भीती होती ती. गोळीचं पाकीट तिनं केसपेपरवर नाव उतरवून घ्यायला माझ्यापुढे ठेवलं. आई बरोबर नव्हती. ऑक्टोबरपासून लेझर पुन्हा सुरू केला, एनडी-यागवर.

पुन्हा करायचं झालं तर

गोळीबद्दल मुलीशी एकटीशी बोलेन. तिनं तेव्हाही नाहीच म्हटलं असतं कदाचित, पण ते तिचं नाही असतं. लग्नाची तारीख ऐकून घाईनं वेळापत्रक आखण्याआधी सांगेन, की चौथी सिटिंग नेमकी सुगीत येतेय, ती सोडून देऊ. सहाच्या जागी पाच झाल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. डायोडवर आलो तेव्हा नव्यानं टेस्ट पॅच द्यायला हवा होता, तोही दिला नाही. यंत्र बदललं की पॅच नवा, हे मी विद्यार्थ्यांना शिकवते.

‘मागच्यासारखंच करा’ हे वाक्य दवाखान्यातून काढून टाकलंय. प्रत्येक सिटिंगला आधी खिडकीपाशी नेऊन गालाचा रंग हनुवटीखालच्या रंगाशी ताडतो, आणि मनगट बघतो. फरक दिसला तर तीन-चार आठवडे पुढची तारीख. लोक चिडतात, तासगावहून एसटीनं आलेली बाई दाराशी परत पाठवायची म्हणजे तिचा दिवस आणि रोज दोन्ही बुडतात. म्हणून आता आदल्या दिवशी फोन करून विचारतो. आणि रुग्ण ‘भाजतंय’ म्हणाला की आकडा कमी करून पुढे जायचं नाही, हात थांबवायचा, जेल पुसून बघायचं.

टेस्ट पॅचचा प्रश्न मात्र अजून पूर्ण सुटलेला नाही. झाकलेल्या जागी दिला तर तो उन्हातल्या कातडीचं काही सांगत नाही, उघड्या जागी दिला आणि डाग पडला तर तो चेहऱ्यावरच. सध्या कल्ल्याच्या खालच्या टोकाला, केस पुढे घेतले की झाकेल अशा बेतानं देतो, आणि उन्हाळ्यात तो पुन्हा देतो.

केसपेपरवरचा ‘व्यवसाय’ हा रकाना तसाच आहे, त्याखाली पेनानं एक ओळ वाढवली आहे: ‘घरी म्हणजे छपराखाली की खळ्यावर? कुठल्या महिन्यात?’ गेल्या जानेवारीत मिरजेकडच्या एका बाईंना तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “खळं कुठलं मॅडम, आम्ही फ्लॅटात.” मग थोड्या वेळानं, “पापड-कुरडया घालायला गच्चीवर असते तेवढंच, मार्च-एप्रिलभर.” त्यांची तारीख जूनची दिली.